अपडेट टाकलं की जुनं सेव्ह मोडतं: प्रौढांसाठीच्या टेक्स्ट लाइफ सिम्युलेशन गेममधली पुन्हा पुन्हा येणारी अडचण

तक्रार बहुतेक वेळा अशीच येते. आपण नवी आवृत्ती टाकतो, खेळाडू महिनाभर खेळून जमवलेलं जुनं सेव्ह उघडतो, आणि पाकिटात रुपयांच्या जागी ‘नॅन’ (म्हणजे ‘हा आकडाच नाही’) असं काहीतरी दिसतं. कधी बायकोशी जुळलेलं नातं एकदम शून्यावर येतं. कधी लोड दाबताच लाल पट्टी येते की पॅसेज (गेममधलं मजकुराचं एक पान) सापडत नाही. आणि कधी काहीच बिघडल्याचं दिसत नाही, गेम गुमान चालतो, पण खेळातले पंधरा दिवस उलटल्यावर लक्षात येतं की घरमालकीण भाडं मागायला आलीच नाही. हा शेवटचा प्रकार मला सर्वांत धोक्याचा वाटतो, कारण त्याची तक्रार कोणी करतच नाही.

आमचा गेम नाशिकात घडतो. सिडकोत भाड्याच्या खोलीत राहून अंबडच्या कारखान्यात तिन्ही पाळ्या करणारं माणूस, निफाडकडे वडिलांचा कांदा, लासलगावच्या लिलावात भाव पडला की रात्री घरून येणारा फोन, असं ते जग आहे. अठरा वर्षांपुढच्यांसाठीच आहे, कारण त्यात हातउसने आणि सावकारी व्याज आहे, दारू आहे, मोडत आलेलं लग्न आहे, शरीराची ओढ आहे, आणि ते आडपडदा न ठेवता लिहिलेलं आहे. चित्रं जवळजवळ नाहीत. खेळाडूने जे कमावलं ते आकड्यांत आणि आठवणींत असतं: कोणाला काय शब्द दिला, कोणाचं किती देणं आहे, कोण अजून दुखावलेलं आहे. म्हणजे सेव्ह फाइल हाच खेळाडूचा खरा गेम. ती गेली की तो पहिल्यापासून पुन्हा खेळेल, अशी आशा धरू नये. तो जातो.

म्हणून फ्रेमवर्क (गेम ज्या तयार सांगाड्यावर बांधायचा तो) निवडताना दिसणं, थीम, बटणांचे रंग हे सगळं नंतर. आधी ते फ्रेमवर्क सेव्ह कसं करतं, आणि जुनं सेव्ह नव्या कोडमध्ये कसं उघडतं, एवढं तपासा. खाली मी मुख्यतः ट्वाइन या टेक्स्ट गेम बनवायच्या साधनातल्या शुगरक्यूब या फॉरमॅटबद्दल बोलणार आहे, कारण अशा बहुतेक गेमचा पाया तोच असतो. कोडमधली नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत, प्रत्यक्षात ती रोमनच टाकायची.

आधी नेमकं काय बिघडलंय ते बघा

खेळाडूकडून स्क्रीनशॉट मागू नका, सेव्हची फाइल मागा. शुगरक्यूबच्या सेव्ह खिडकीत डिस्कवर सेव्ह करायची सोय असते, तीच फाइल हवी. ती आपल्या ताज्या आवृत्तीत लोड करायची, ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून कन्सोल उघडायचा, आणि ‘शुगरक्यूब डॉट स्टेट डॉट व्हेरिएबल्स’ असं टाकून एंटर मारायचं. गेमची सगळी अवस्था समोर उघडते. मग नवा गेम सुरू करून तीच यादी दुसऱ्या टॅबमध्ये काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. जे नव्यात आहे आणि जुन्यात नाही, तिथे बहुतेक वेळा उत्तर सापडतं.

इथे एक सापळा आहे, त्यात नवे लोक हमखास अडकतात. कोड बदलून पान नुसतं रिफ्रेश केलं तर शुगरक्यूब चालू खेळ ब्राउझरच्या सेशनमधून उचलून पुन्हा उभा करतं. व्हेरिएबल (गेमने नावानिशी लक्षात ठेवलेल्या किमती) जुनेच राहतात आणि आपण म्हणतो, बदल लागू झालाच नाही. गेममधलं रीस्टार्ट दाबा, मगच तपासा. उलटही होतं: रिफ्रेश करून सगळं ठीक दिसतं, कारण आपल्या सेशनमध्ये ते व्हेरिएबल आधीच बसलेलं असतं. खेळाडूच्या जुन्या सेव्हमध्ये ते नसतं.

मूळ कारण

शुगरक्यूबमध्ये सुरुवातीच्या किमती आपण ‘स्टोरीइनिट’ नावाच्या पॅसेजमध्ये लिहितो. पान उघडलं की तो चालतो. पण खेळाडू सेव्ह लोड करतो तेव्हा व्हेरिएबलचा सगळा संच काढून त्या जागी सेव्हमधला संच बसवला जातो. सेव्ह झालं त्या दिवशी जे व्हेरिएबल अस्तित्वातच नव्हते, ते लोडनंतरही नसतात. स्टोरीइनिटमध्ये तुम्ही ते कितीही नीट लिहिले असले तरी.

आमच्या गेममध्ये २०२७ च्या सिंहस्थाचा भाग वाढवला, ते उदाहरण घेतो. सिंहस्थ जवळ येतो तशी पंचवटीत खोल्यांची भाडी चढतात, म्हणून भाडेवाढीची टक्केवारी ठेवणारं नवं व्हेरिएबल आलं. हा भाग येण्याआधी सेव्ह केलेल्या खेळाडूकडे ते नाही, म्हणजे त्याची किंमत ‘अनडिफाइन्ड’ (ठरवलेलीच नाही). साडेचार हजार गुणिले अनडिफाइन्ड म्हणजे नॅन. पाकिटातून नॅन वजा केलं की पाकीटही नॅन. त्या पाकिटातून बिसी (भिशी) भरली की बिसीचा हिशोबही नॅन. एका आठवड्यात सगळी आर्थिक बाजू कुजते.

तीच आवृत्ती भाड्याची तारीखही वेगळ्या व्हेरिएबलमध्ये ठेवते. आजचा दिवस भाड्याच्या दिवसाइतका किंवा पुढे असेल तर घरमालकीण काकू दारात येणार, अशी अट. जावास्क्रिप्टमध्ये कोणताही आकडा अनडिफाइन्डशी ताडून बघितला तर उत्तर नेहमी ‘नाही’ येतं, लहान विचारा, मोठा विचारा. त्यामुळे त्रुटी दिसत नाही, लाल पट्टी येत नाही, आणि काकू कधीच येत नाहीत. वर म्हटलेला धोक्याचा प्रकार तो हाच.

स्वतःचं इंजिन लिहिलं असेल आणि सेव्ह साध्या जेसनमध्ये (डेटा मजकूर म्हणून लिहिण्याची पद्धत) जात असेल, तर आणखी एक गंमत नसलेली गोष्ट घडते. जेसनमध्ये नॅन लिहिता येत नाही, त्याचं ‘नल’ (रिकामी किंमत) होतं. पुढच्या लोडला नल अधिक पाचशे म्हणजे पाचशे. खेळाडूला दिसतं की काल चाळीस हजार होते आणि आज पगार झाल्यावर तेवढाच पगार आहे. नॅन पुसला गेल्यामुळे माग काढायलाही काही उरत नाही. सेव्ह करण्याआधीच प्रत्येक आकडा खरोखर आकडा आहे ना हे तपासून, नसेल तर सेव्ह न करता ओरडणारा एक छोटा फंक्शन टाका.

दुरुस्ती: सेव्हला आवृत्ती क्रमांक आणि पायऱ्या

कॉन्फिग.सेव्ह्ज.व्हर्जन या जागी एक पूर्णांक द्या. हा गेमच्या जाहिरातीतला आवृत्ती क्रमांक नव्हे. डेटाचा आकार बदलला तरच तो एकाने वाढवायचा, नुसता मजकूर सुधारला तर नाही. मग सेव्ह.ऑनलोड.ॲड मध्ये एक फंक्शन नोंदवा. शुगरक्यूबच्या २.३६ आधीच्या आवृत्तीवर असाल तर तिथे कॉन्फिग.सेव्ह्ज.ऑनलोड आहे. लोड होणारं सेव्ह गेममध्ये बसण्याआधी या फंक्शनच्या हातात येतं.

या फंक्शनमध्ये सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं काम चालवायचं. प्रत्येक बदलाला स्वतःचा क्रमांक, नोंदी क्रमाने चढवायच्या, आणि जुनी नोंद खोडायची नाही. सेव्ह तिसऱ्या क्रमांकाचं असेल तर आधी तीनचं चार, मग चारचं पाच, मग पाचचं सहा. ‘तीनवरून थेट सहा’ असा वेगळा रस्ता लिहू नका. असे रस्ते वाढत जातात, आणि एखादा सुधारायचा राहून गेला की दोन खेळाडूंना दोन वेगळ्या अडचणी दिसतात. क्रमांकच नसलेलं सेव्ह शून्य धरा.

एक पायरी जवळून बघू. जुन्या डेटात भाडं म्हणजे फक्त ४५०० हा आकडा. नव्या डेटात भाडं म्हणजे एक ऑब्जेक्ट, म्हणजे नावं दिलेल्या किमतींचा गठ्ठा: रक्कम, अनामत, भरायची तारीख आणि थकलेले महिने. पायरी अशी: भाडं आकडा असेल तर तो रकमेत टाक, अनामत त्याच्या दुप्पट धर, तारीख पाच ठेव, थकीत शून्य. अनामत दुप्पट धरणं हा कथेचा निर्णय आहे, तांत्रिक नाही. जुन्या खेळाडूने कधी अनामत भरल्याचं त्याला आठवत नसेल, पण खोलीत तो राहतोय, म्हणजे भरलीच असणार. अशा जागी कोड लिहिणाऱ्याने एकट्याने ठरवू नये, कथा लिहिणाऱ्याला विचारावं.

ही पायरी शेवटच्या क्षणावरच चालवून थांबू नका. सेव्हमध्ये स्टेट.हिस्टरी ही यादी असते, खेळाडूने उघडलेला प्रत्येक पॅसेज तिच्यात एक क्षण म्हणून नोंदलेला असतो, आणि प्रत्येक क्षणाला स्वतःचे व्हेरिएबल असतात. फक्त शेवटचा सुधारला आणि खेळाडूने मागे जाण्याचा बाण दाबला की जुना डेटा परत हजर.

नुसतेच नवे व्हेरिएबल वाढले असतील तर पायरी लिहिण्याची गरज नाही. सुरुवातीच्या सगळ्या किमती ‘सेटअप’ ऑब्जेक्टमध्ये एका तक्त्यात ठेवा. सेटअप सेव्हमध्ये जात नाही, म्हणून तो कायम ताजा असतो. लोड होताना तो तक्ता आतपर्यंत फिरवून, सेव्हमध्ये जे नाही तेवढंच भरा. स्टोरीइनिटही त्याच तक्त्यावरून चालवा म्हणजे दोन ठिकाणी दोन किमती राहणार नाहीत. नाव बदललं असेल किंवा प्रकार बदलला असेल तर मात्र हा उपाय पुरत नाही, तिथे पायरीच लागते.

पॅसेजचं नाव बदलल्याने येणारी लाल पट्टीही याच ऑनलोडच्या फंक्शनमध्ये सुटते. सेव्हमध्ये खेळाडू कुठल्या पॅसेजवर होता त्याचं नाव असतं. जुन्या नावाचा रिकामा पॅसेज ठेवून तिथून नव्याकडे ढकललं तरी चालतं, आणि मला तेच जास्त आवडतं, कारण वर्षभराने तो पॅसेज यादीत डोळ्यांना दिसतो.

माणसांना क्रमांक देऊ नका

नातेसंबंधांचा गेम असेल तर ही गोष्ट सगळ्यात आधी ठरवा. पात्रांची यादी ॲरेमध्ये, म्हणजे नुसत्या क्रमाने, ठेवली आणि सेव्हमध्ये ‘तिसऱ्या क्रमांकाशी जवळीक साठ’ असं लिहिलं, की पुढच्या आवृत्तीत मध्येच एक पात्र घुसवताच तिसरा माणूस बदलतो. बायकोवरचं प्रेम सुपरवायझरला जातं, सुपरवायझरशी झालेलं भांडण घरमालकीण काकूंच्या नावावर. प्रौढांच्या गेममध्ये हे नुसतं हास्यास्पद राहत नाही. ज्या पात्राशी कसली जवळीक नाही, किंवा ज्याच्याशी ती असूच नये, त्याच्याशी प्रसंग उघडू शकतो. लेखकाने कधी लिहिलाच नव्हता असा अर्थ त्या पानावर उभा राहतो आणि खेळाडूचा विश्वास जातो.

प्रत्येक पात्राला न बदलणारी रोमन ओळख द्या आणि सेव्हमध्ये तीच ठेवा. पात्राचं नाव, वय, बोलण्याची ढब, रोजचं वेळापत्रक हे सेटअपमध्ये. सेव्हमध्ये फक्त बदलणारं: जवळीक, राग, शेवटची भेट, लपवलेल्या गोष्टी. वय सेटअपमध्ये असल्यामुळे एक तपासणी सहज बसवता येते, ती बसवाच: अठराखालचं पात्र प्रौढ प्रसंगाच्या जवळपासही आलं तर गेम तयारच होऊ नये.

याच ठिकाणी शुगरक्यूबचा दुसरा एक स्वभाव नडतो. आपण सोयीसाठी ‘जोडीदार’ नावाच्या व्हेरिएबलमध्ये पात्रांच्या यादीतलं अख्खं ऑब्जेक्ट ठेवतो. त्या पॅसेजपुरतं ते एकच ऑब्जेक्ट असतं. पुढच्या पॅसेजवर जाताना शुगरक्यूब सगळ्या व्हेरिएबलची प्रत काढतं आणि तिथून ती दोन वेगळी ऑब्जेक्ट होतात. जोडीदाराच्या प्रतीत जवळीक वाढत राहते, यादीतल्या पात्राला त्याचा पत्ता नसतो. ‘प्रेम वाढतं पण घरी गेल्यावर ती ओळख देत नाही’ अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच बघतो. जोडीदार म्हणून फक्त ओळख ठेवा, ऑब्जेक्ट लागेल तेव्हा यादीतून काढा.

फोन अडखळतो, सेव्ह भरतंच नाही

शुगरक्यूब मागचे चाळीस क्षण जपून ठेवतं (जुन्या आवृत्त्यांत शंभर). कथा वाचणाऱ्याला मागे जाता यावं म्हणून ते ठीक आहे. लाइफ सिम्युलेशनमध्ये साठ-सत्तर पात्रांची अवस्था चाळीस वेळा सांभाळली जाते आणि सातपूरला सेकंड शिफ्ट संपवून जुन्या अँड्रॉइडवर खेळणाऱ्या टेस्टरला प्रत्येक लिंकनंतर थांबावं लागतं. कॉन्फिग.हिस्टरी.मॅक्सस्टेट्स एक करा. शुगरक्यूबच्या कागदपत्रांतही गेमसाठी एकच ठेवण्याची शिफारस आहे. मागे जायचा बाण जातो, तो जाऊ द्या. ज्या गेममध्ये उधारी नाकारण्याला किंमत आहे, तिथे एक पाऊल मागे घेऊन उत्तर बदलण्याची सोय कथेलाच मारते.

ब्राउझरचा लोकल स्टोरेज साधारण पाच एमबी असतो, तो भरला की सेव्ह होत नाही. आणि आयफोनवाल्यांना वेगळं सांगा: २०२० पासून सफारी, ब्राउझर वापरात असताना सात दिवस एखाद्या साइटला हात लावला नाही, तर तिथला असा साठा पुसून टाकते. त्यांची ‘सेव्ह आपोआप गेलं’ ही तक्रार खोटी नसते. महिन्याच्या पगाराच्या दिवशी गेमनेच ‘फाइल उतरवून ठेवा’ अशी आठवण करणं हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त उपाय.

सगळे स्लॉट एकदम रिकामे दिसले तर डेटा गेलेला नसण्याचीच शक्यता जास्त. शुगरक्यूब सेव्हची ओळख गेमच्या शीर्षकावरून बनवतं. शीर्षकात आवृत्ती क्रमांक टाकायची सवय असेल तर दर वेळी नवी ओळख तयार होते आणि जुने स्लॉट नजरेआड जातात. कॉन्फिग.सेव्ह्ज.आयडी एकदाच ठरवून द्या. गेमचा वेब पत्ता बदलला तरी हेच होतं, आणि त्यावर फाइल हाच इलाज.

मराठीतूनच येणाऱ्या अडचणी

इंग्रजी मार्गदर्शकांत हे सापडत नाही म्हणून जरा सविस्तर. आमच्याकडे ‘शेजाऱ्याचं घर’ नावाचा पॅसेज होता आणि त्याच्याकडे जाणारी एक लिंक चालायची, दुसरी नाही. दोन्ही ठिकाणचं नाव अक्षर न् अक्षर सारखं दिसत होतं. फरक होता तो अर्ध्या ‘र’मध्ये. एका कीबोर्डवर तो ‘ऱ’ आणि हलंत असा टाइप होतो, दुसऱ्यावर साधा ‘र’, हलंत आणि न दिसणारा जोडचिन्हाचा कोड असा. पडद्यावर एकच, संगणकाला दोन वेगळ्या गोष्टी. युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरण (एकच अक्षर लिहिण्याचे वेगळे कोड एका रूपात आणणारी पद्धत) लावून ‘र’खाली नुक्ता दिलेला प्रकार ‘ऱ’मध्ये येतो, पण न दिसणाऱ्या कोडचा प्रकार तसाच राहतो. दऱ्या, वारकऱ्यांचा, सासऱ्यांशी, अशा कुठल्याही शब्दात हे लपलेलं असू शकतं.

म्हणून पॅसेजची नावं, पात्रांच्या ओळखी आणि डेटातल्या सगळ्या किल्ल्या रोमनमध्ये ठेवा. खेळाडूला दिसणारं नाव देवनागरीत, वेगळ्या जागी. शुगरक्यूबचे व्हेरिएबल तर देवनागरीत चालतच नाहीत.

लिंगाचंही लक्षात घ्या. इंग्रजीत सर्वनाम बदललं की काम होतं. मराठीत ‘मी घरी आलो’ आणि ‘मी घरी आले’, ‘दमलेला’ आणि ‘दमलेली’, प्रत्येक वाक्याचं क्रियापद हलतं. दोन रूपं घेऊन योग्य ते छापणारं छोटं विजेट पहिल्याच दिवशी करा. तयार झालेलं वाक्य मात्र सेव्हमध्ये ठेवू नका. डायरीच्या नोंदी म्हणून पूर्ण वाक्यं साठवली की सेव्ह फुगतं आणि शुद्धलेखनाची दुरुस्ती जुन्या खेळाडूपर्यंत पोचत नाही. घटनेची ओळख आणि दिवस साठवा, वाक्य दाखवताना बनवा.

तारखा: सण आणि पर्वण्यांच्या तारखा तक्त्यात ठेवताना जावास्क्रिप्टला ‘वर्ष-महिना-दिवस’ अशी नुसती अक्षरं दिली तर ती ग्रीनिचची मध्यरात्र धरली जाते. नाशिकात तेव्हा सकाळचे साडेपाच, म्हणजे २ ऑगस्ट २०२७ चं अमृतस्नान २ ऑगस्टलाच पडतं. अमेरिकेत बसून खेळणाऱ्या नाशिककराला ते १ ऑगस्टला दिसेल. खेळातला वेळ ‘सुरुवातीपासून किती मिनिटं’ असा एकाच पूर्णांकात ठेवा, वार-तारीख त्यातून काढा.

प्रौढ मजकूर वेगळ्या फोल्डरमध्ये

जुलै २०२५ मध्ये पेमेंट कंपन्यांच्या दबावामुळे इच डॉट आयओ या गेम विकण्याच्या साइटने प्रौढ गेम शोधातून काढून टाकले. त्याच महिन्यात स्टीम या गेमच्या दुकानानेही पेमेंट कंपन्यांचे निकष मोडणारा मजकूर नाकारण्याचा नियम घातला. भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० ची, अश्लील मजकूर प्रसारित करण्याबद्दलची कलमं ६७ आणि ६७अ आहेतच. तुमच्या मजकुराबद्दल वकिलाशी बोला. तांत्रिक बाजू एवढीच की, एक दिवस प्रौढ प्रसंग वगळून गेम काढावा लागेल असं धरूनच बांधणी करा.

ट्वीगो वापरत असाल तर हे सोपं आहे. तो साध्या मजकूर फाइलींच्या फोल्डरवरून गेम बांधतो, त्यामुळे प्रौढ प्रसंग एका फोल्डरमध्ये आणि त्याच नावाचे, पडदा टाकून सकाळ करणारे पॅसेज दुसऱ्यात ठेवायचे. बांधताना दोन्हींपैकी एक फोल्डर द्यायचा. अट एकच: प्रसंगाच्या आत कोणतंही व्हेरिएबल बदलायचं नाही. जवळीक, वेळ, दुखावणं, सगळं प्रसंगाबाहेरच्या सामाईक पॅसेजमध्ये. मग दोन्ही आवृत्त्यांचं सेव्ह एकमेकांत उघडतं, आणि खेळाडूने सेटिंगमधून प्रसंग बंद केले तरी त्याच्या कथेचं काही अडत नाही.

मग फ्रेमवर्क कोणतं

पात्रं भरपूर, चित्रं कमी, मजकूर अवस्थेनुसार सतत बदलणारा: शुगरक्यूब आणि ट्वीगो. ट्वाइनच्या खिडकीत चौकोन मांडून शंभर पॅसेजपर्यंत मजा येते. त्यापुढे फाइली आणि गिट (फाइलींतले बदल नोंदवणारं साधन) हवंच, नाहीतर दोघांनी मिळून काम करणं अशक्य होतं. ट्वाइनमध्ये आधीपासून निवडलेलं हार्लो शिकायला सोपं आहे, पण त्याचं सेव्ह ब्राउझरच्या साठ्यात राहतं आणि जुनं सेव्ह पायऱ्यांनी वर आणण्याची शुगरक्यूबसारखी जागा त्यात मिळत नाही. या प्रकारच्या गेमसाठी मी ते निवडणार नाही.

चेहरे आणि दृश्यं महत्त्वाची असतील तर रेनपाय. त्यात ‘डिफॉल्ट’ने सांगितलेले व्हेरिएबल जुन्या सेव्हमध्ये नसले तर लोड होताना आपोआप भरले जातात, आणि ‘आफ्टर लोड’ नावाच्या लेबलमध्ये पायऱ्या लिहिता येतात. ‘डिफाइन’ने सांगितलेलं मात्र सेव्हच होत नाही, तिथे बदलणारी गोष्ट ठेवू नका. रेनपायचं सेव्ह पायथनच्या पिकलमध्ये (ऑब्जेक्ट जसंच्या तसं फाइलीत ठेवण्याची पद्धत) असतं, म्हणून क्लासचं नाव बदललं की जुनं सेव्ह उघडतच नाही. मराठीसाठी आठच्या मालिकेतली ताजीच आवृत्ती घ्या. त्या मालिकेत अक्षरं जुळवणारं हार्फबझ आलं आणि जोडाक्षरं, वेलांट्या जागेवर बसू लागल्या. सोबत देवनागरी फाँटही द्यावा लागतो, मूळ डेजावू सॅन्समध्ये आपली अक्षरं नाहीत.

इंक संवादांसाठी सुंदर आहे. मात्र कथेतली जागा सेव्हमध्ये असते आणि मजकूर हलला तर तो जवळपासची जागा शोधून काढतो. दिवसाचं चक्र स्वतःच्या कोडमध्ये आणि इंक फक्त बोलण्यापुरतं, असं वापरलं तर जमतं. चॉइसस्क्रिप्टच्या परवान्यात विक्रीसाठी वेगळी परवानगी लागते, पैसे घ्यायचे असतील तर आधी ते वाचा.

स्वतःचं इंजिन लिहायचा मोह सगळ्यांनाच होतो. टीममध्ये सेव्हच्या पायऱ्या वर्षानुवर्षं लिहीत राहणारा माणूस असेल तरच लिहा.

प्रत्येक आवृत्तीआधी

बाहेर गेलेल्या प्रत्येक आवृत्तीची दोन-तीन सेव्ह एका फोल्डरमध्ये जपा: एक सुरुवातीचं, एक लग्नानंतरचं, एक कर्जात पूर्ण बुडालेलं. नवी आवृत्ती बाहेर जाण्याआधी प्रत्येक सेव्ह लोड करायचं, खेळातला एक महिना पुढे ढकलायचा, आणि सगळ्या अवस्थेत नॅन, नल किंवा अनडिफाइन्ड शोधायचं. महिनाच का, तर पगार, भाडं, बिसी आणि व्याज हे सगळं त्यात एकदा तरी येऊन जातं. शोधणारं फंक्शन दहा ओळींचं आहे. टेस्टरकडून आलेलं रेनपायचं सेव्ह उघडताना ‘दुसऱ्या यंत्रावर बनलेलं’ अशी सूचना येईल. पिकलमधून कोड चालू शकतो म्हणून ती सूचना आहे, अनोळखी माणसाचं सेव्ह तरी तिच्याकडे दुर्लक्ष करून उघडू नका.

सेव्ह आधीच मोडलं असेल तर

खेळाडूला पहिलं सांगायचं ते हे, की त्या स्लॉटवर पुन्हा सेव्ह करू नका. त्याच्याकडे फाइल असेल तर ती मागवा, मूळ प्रत बाजूला ठेवा आणि कॉपीवर काम करा. नॅन फक्त पाकिटात असेल तर शेवटच्या ठीक क्षणाचा आकडा हिस्टरीत सापडू शकतो. हिस्टरी एकच असेल तर पगार, नोकरीचे महिने आणि देणं यावरून रक्कम पुन्हा बांधा, आणि शंका असेल तिथे खेळाडूच्या बाजूने धरा. ही दुरुस्ती त्याच्या एकट्याच्या फाइलीत करून परत पाठवू नका. ती पुढच्या क्रमांकाची पायरी म्हणून गेममध्येच टाका, कारण तक्रार करणारा एक असतो तेव्हा तसंच सेव्ह घेऊन गप्प बसलेले आणखी बरेच असतात.